झील कोण धरतंय?

नॉर्टन, व्हर्जिनिया
११ ऑगस्ट १९९६

प्रिय गणूदादा,

जयभीम. तुझ्या शिव्या पोचल्या असं समज. अमेरिकेत येऊन वर्ष झालं आणि तुला हे पहिलंच पत्र, हे मान्य आहे. पण आण्णा थोरले, आबांच्या मागं घराला तेच बाप. त्यांना आधी लिहिलं नाही तर वहिनी जन्मभर ऐकवेल, आणि दोन पत्रं लिहिली की माझी रविवारची सुट्टी संपते.

इथं म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात मी नर्स आहे. भोवती डोंगर आहेत, आपल्या पन्हाळ्याएवढाले, पण यांच्या पोटात कोळसा. चौदा नंबरच्या खोलीत क्लाइड नावाचे आजोबा आहेत. चाळीस वर्षं खाणीत गेली, छातीत धूळ बसली. दोन वाक्यं बोलले की धापा टाकतात. तरुणपणी मेंडोलिन वाजवायचे. आता वाजवत नाहीत, दिवसभर टेप लावून पडलेले असतात.

परवा गोळ्या द्यायला गेले आणि दारातच थांबले. टेपवर कुणीतरी इतक्या वरच्या पट्टीत गात होतं की मला आपली गायनपार्टी आठवली. जयंतीला चौकात आण्णा गातात, मागून तू आवाज उचलतोस आणि बायका हातातलं काम टाकून दारात येतात. मी ट्रे हातात धरून रडायलाच लागले. आजोबा म्हणाले, "पोरी, हे रडायचं नाही, नाचायचं गाणं आहे."

या प्रकाराला ब्लूग्रास म्हणतात. गिटार, फिडल, मेंडोलिन, बेंजो आणि माणसाएवढा उभा बास. ढोलकी नाही, तरी ठेका ढळत नाही. आजोबांचं म्हणणं, ऐकायचं तर क्रमानं ऐकायचं. पहिला बिल मन्रो. केंटकी प्रांताचा माणूस, मेंडोलिन वाजवतो आणि गातो. त्याच्याच बँडच्या नावावरून सगळ्या प्रकाराला नाव पडलं. आता म्हातारा झालाय, आजारी आहे. त्याची कॅसेट भरून पाठवतेय. पार्टीतल्या बेंजोवाल्या दस्तगीरभाईंना सांग, इथल्या बेंजोला आपल्यासारखी बटणं नसतात, पोटाला कातडं असतं आणि बोटांनी छेडतात.

आण्णांची तब्येत कशी आहे? त्यांच्या पत्रात फक्त "ठीक" असतं.

तुझी,
दीप्ती


मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ सप्टेंबर १९९६

दिपे,

जयभीम गं बाई. मी बोलतो तसंच लिवणार. शुद्ध पायजे आसंल तर शाळंच्या मास्तरला पत्र घाल.

कॅसेट मिळाली. आपला टेप फीत खातोय म्हणून दस्तगीरच्या स्पीकरच्या दुकानात नेली. पयल्यांदा लावली तवा दस्तगीर म्हणला, "गण्या, टेप फास्ट पळतोय बघ." दोनदा मशीन उघडलं. मग कळलं, ती माणसंच तशी पळत्यात! दस्तगीर पार्टीत पंधरा वर्षं बेंजो वाजवतोय, पण त्यो बी हातातलं काम टाकून ऐकत बसला. चहा गार झाला आमचा.

त्या बाबाचा आवाज आवडला. नाकातनं येतोय का टाळूतनं, त्यावर आमचं भांडाण झालं. पण एक सांग. झील कोण धरतंय? तू पत्रात मेन गायकाचं नाव लिवलंस, त्याचं गाव लिवलंस. दुसऱ्या आवाजाचं नाव कुठाय? तुझ्या म्हाताऱ्याला नीट समजावून सांग, झील म्हंजे काय ते. गायक ओळ म्हणतो, आन मागचा माणूस ती उचलून वर न्हेतो. आबांनी मला दोनच नियम शिकवलं. झीलकऱ्यानं कधी सुरुवात करायची न्हाय. आन गायकाचा दम तुटला तर लोकांस्नी कळू द्यायचं न्हाय, आपण झाकायचं. सत्तावीस वर्षं मी आण्णाच्या मागं उभा हाय. माझं नाव हँडबिलावर कधी आलं न्हाय, आन मला त्याचं वाईट बी वाटलं न्हाय. पण त्या अमेरिकेतल्या झीलकऱ्याचं नाव मला पायजे. मेन गायकाला काय, सगळी दुनिया वळखती.

आण्णा बरा हाय. बुद्धपौर्णिमेच्या प्रोग्रॅमपासनं घसा जरा बसलाय, एवढंच. मी थोडं जास्त झाकतो, भागतंय.

त्या मन्रोबाबाला माझा जयभीम सांग.

गणपती


नॉर्टन
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय गणूदादा,

तुझा जयभीम पोचवायचा राहिला. तू पत्र लिहिलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नऊ सप्टेंबरला, बिल मन्रो वारले. आजोबांनी दिवसभर टेप लावला नाही. टोपी तोंडावर ओढून पडून होते. मी जेवणाचं ताट तसंच परत नेलं.

झील म्हणजे काय ते त्यांना सांगितलं. एकदम उठून बसले! म्हणाले, "तुझा भाऊ शहाणा आहे. बाकीचे लोक बेंजोचं विचारतात." वरच्या आवाजाला इथं टेनर म्हणतात, आणि मन्रो स्वतः बऱ्याचदा तोच धरायचे. म्हणजे तुझा बाबा झीलकरीच निघाला, बघ. त्यांच्या बँडमध्ये खालची मुख्य ओळ गायला लेस्टर फ्लॅट होता आणि बेंजोला अर्ल स्क्रग्ज. तीन बोटांनी वाजवायची त्याची रीत पुढं सगळ्यांनी उचलली. दोघांनी मागाहून स्वतःचा बँड काढला. त्यांची एक कॅसेट पाठवतेय. दुसरी कॅसेट स्टॅन्ली बंधूंची. इथून जवळच्याच डोंगरातले हे दोघे सख्खे भाऊ. थोरला कार्टर मुख्य गायक, धाकटा राल्फ टेनर. मुद्दाम तुझ्यासाठी मागून घेतली.

आजोबांनी एक गंमत सांगितली. हे लोक सगळे मिळून एकाच माइकवर गायचे. ज्याची ओळ तो पुढं, त्याची झाली की मागं. आजोबा म्हणाले, चांगला बँड ओळखायचा तर कोण पुढं येतो ते बघू नये, वेळेवर मागं कोण सरतो ते बघावं.

आता माझं ऐक. बुद्धपौर्णिमा मे महिन्यात झाली. पाच महिने आवाज बसलेला राहत नाही, दादा. आण्णा तंबाखू खातात. त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे ने. या आठवड्यात. मी बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून सांगतेय.

दीप्ती


मंगळवार पेठ
२४ नोव्हेंबर १९९६

दिपे,

नाद खुळा की गं! स्क्रग्जची कॅसेट दस्तगीरनं गिऱ्हाइकांस्नी जबरदस्तीनं ऐकवली. लाउडस्पीकर ठरवायला आलेली माणसं बी आर्धा तास उभी. त्यो स्वतःची तीन बोटं तोंडासमोर धरून बघत बसतोय, येड्यावाणी. फ्लॅटचा आवाज मला झ्याक वाटला. घाई न्हाय, वरडणं न्हाय, कट्ट्यावर बसून गप्पा हाणल्यागत गातोय.

स्टॅन्लीची कॅसेट मात्र दुकानात लावली न्हाय. मागच्या खोलीत एकटाच ऐकली. थोरला ओळ टाकतोय, आन धाकटा कुठनं येतोय त्ये कळतच न्हाय, एकदम वर आसतोय. शब्द कळंना तरी मला सगळं कळत हुतं. हितं थोरल्याचा दम सरतोय, हितं धाकट्यानं वळखलंय. परत परत तीच जागा लावली. आण्णाला बी नेऊन ऐकवली. आण्णा ऐकून म्हणला, "धाकटं लय आगाव हाय, तुझ्यागत."

मन्रोबाबाचं ऐकून वाईट वाटलं. दुकानात फोटू न्हाय, म्हणून कॅसेटलाच दोन फुलं ठेवली.

आण्णा बरा हाय. ज्येष्ठमध चालू हाय. थंडी हाय म्हणून तसं वाटतंय. ते दोघं भाऊ अजून गात्यात का? थोरला कसा हाय?

गणपती


नॉर्टन
२ जानेवारी १९९७

दादा,

थोरला मेला. १९६६ सालीच मेला, एक्केचाळीस वर्षांचा होता. धाकटा अजून गातोय. त्यानं थोरल्याच्या जागी दुसरे गायक आणून उभे केले.

प्रीतीचं पत्र आलंय. आण्णांची पोर अठरा वर्षांची आहे, तिला मला खरं सांगता येतं आणि तुला येत नाही? ज्येष्ठमध म्हणे! मिरजेला तपासणी होऊन दीड महिना झाला. कॅन्सर आहे, फेब्रुवारीत स्वरयंत्र काढायचं ठरलंय, आणि तू मला कॅसेटीला फुलं वाहिल्याच्या गोष्टी लिहितोस. मला काय वाटलं असेल? मी इथं परक्या म्हाताऱ्यांचे घसे तपासते आणि माझ्या भावाचा घसा तू मला शब्दांनी झाकून दाखवलास. तुझी सवयच ती.

मी येऊ शकत नाही. इथं राहायचे कागद सरकारात अडकलेत, आता बाहेर पडले तर परत येणं नाही. आणि माझ्या पगाराशिवाय पुढचे उपचार होणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय.

एक काम कर. ऑपरेशननंतर आण्णा श्वास घेतील, जेवतील, जगतील. बोलणार नाहीत. गाणार तर नाहीतच. आपल्याकडं त्यांच्या आवाजाची एक फीत नाही. त्या दुसऱ्या पार्टीनं चाली चोरल्यापासून त्यांनी टेप जवळ येऊ दिला नाही. आता त्यांची समजूत काढ. पायांवर डोकं ठेव, भांड, काहीही कर. त्यांनी बांधलेलं माणगावचं गाणं भरून घे. अकराच्या अकरा कडवी. मला आण्णांचा आवाज हवाय, दादा. प्रीतीच्या पोरांना तो ऐकायला मिळाला पाहिजे.

दीप्ती


मंगळवार पेठ
१६ फेब्रुवारी १९९७

दिपे,

शिव्या पोचल्या. बरोबर हायत. तुला लांब एकटीला कशाला घोर, म्हणून लपवलं. चुकलं.

आण्णा आधी न्हायच म्हणला. "गाणं म्हंजे काय लोणचं हाय व्हय, बरणीत भरायला?" मग प्रीती कोरी कॅसेट घेऊन त्याच्यासमोर बसली, तवा उठला.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी, दुपारी, दस्तगीरच्या मागल्या खोलीत भरलं. त्यानं भितीला गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद केला, गल्लीतल्या पोरांस्नी गोळ्या देऊन लांब पळवलं. ढोलकी घेतली न्हाय, निस्ती पेटी. माइक एकच. आपल्याला एकाच माइकची सवय, त्या स्टॅन्ली भावांगत. आण्णानं सदरा पांढरा घातला, जयंतीला घालतोय तसला. आन सुरू केलं, "भाकर बांधून निघाला आजा, माणगावच्या वाटेनं."

तुला आठवतंय न्हवं, आबा सांगायचे? एकोणीसशे वीस साली आजा परिषदेला माणगावला चालत गेलता, बाबासाहेबांस्नी बघायला. आण्णानं त्येच बांधलंय. मी मागनं "उजाडलं रं, उजाडलं" उचलत हुतो. अकरा कडवी झाली. आण्णा घामानं निथळत हुता. दस्तगीर कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून. मशीन बंद करायचं बी त्याला सुचलं न्हाय. प्रीतीनं बटण दाबलं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक हाय, त्यातनं श्वास घेतोय. पाटीवर लिवतोय. पयलं काय लिवलं आसंल? "च्या." ती बी साखर जास्त.

कॅसेट तुला पाठवतोय. नक्कल दस्तगीरच्या कपाटात हाय. आम्ही कुणी ऐकली न्हाय. छाती हुत न्हाय गं. आण्णानं लिवलं, "आधी दिपीला."

गणपती


नॉर्टन
२० मार्च १९९७

प्रिय गणूदादा,

कॅसेट मिळाली. आवाज स्वच्छ आलाय. छान झालंय सगळं. आण्णांना सांग, मला फार आवडलं.

नक्कल ऐकायची घाई करू नका. जखम भरू दे, मन थाऱ्यावर येऊ दे. कपाटात आहे ती राहू दे.

सोबत डॉक वॉटसन यांची कॅसेट आहे. हे आंधळे आहेत, गिटारवर फिडलच्या चाली वाजवतात. मुलगा साथीला असायचा. तो ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तरी यांनी वाजवणं सोडलं नाही. तुला आवडतील. कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

दीप्ती


मंगळवार पेठ
२५ मे १९९७

दिपे,

परवा बुद्धपौर्णिमा झाली. आण्णानं सकाळीच पाटीवर लिवलं, "आज ऐकायचं." मी म्हटलं, दिपी घाई करू नका म्हणलीय. त्यानं पाटी बोटानं ठोकली.

खिरीचं जेवण झाल्यावर दस्तगीर मशीन घेऊन घरी आला. वहिनी, प्रीती, आम्ही दोघं भाऊ. आण्णा मशीनसमोर मांडी घालून बसला. गाणं सुरू झालं. दिपे, पयल्या कडव्यालाच मला कळलं.

मीच हाय गं सगळीकडं. निस्ता मीच. आण्णाचा आवाज त्या दिवशी बारीक झालता, जागजागी तुटत हुता. मला ठावं हुतं. आन तुटतोय म्हटल्यावर मी पुढं सरलो. माइकजवळ. वर उचललं, झाकलं. सत्तावीस वर्षं जे केलं त्येच केलं. लोकांस्नी कळू द्यायचं न्हाय. अरे पण तिथं लोक कुठं हुते? चार भिती आन गाद्या! कुणापास्नं झाकत हुतो मी?

अकरा कडवी आण्णानं ऐकली. हातानं खूण केली, परत लाव. परत ऐकलं. तिसऱ्यांदा कान मशीनला लावून ऐकलं. मग पाटी घेतली आन लिवलं, "माझा कुठाय?"

प्रीती उठून आत गेली. मी तिथंच बसलो. मला मरण आलं आसतं तर बरं झालं आसतं.

आता परत भरायचं म्हटलं तर कशानं भरू? गळा कापून झाला. तू सांगितलेलं एकच काम, आन मी त्येच मातीत घातलं. भावाचा आवाज मीच गिळला. आता मी गाणार न्हाय. पार्टी बंद. कॅसेटी बी पाठवू नकोस. मला झील नको, काय बी नको.

गणपती


नॉर्टन
१५ जून १९९७

दादा,

मला मार्चमध्येच कळलं होतं. पहिल्यांदा ऐकलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. तुला खोटं लिहिलं. छान झालंय म्हणून. तुला झाकतोस म्हणून बोलले होते आणि मीही तेच केलं. आपण आबांचीच पोरं.

वाटलं, कपाटात राहील, कुणी ऐकणार नाही. आधी सांगितलं असतं तर निदान आण्णांच्या समोर तुझ्यावर ही वेळ आली नसती. मला माफ कर.

लिही. दोन ओळी लिही.

दीप्ती


नॉर्टन
९ नोव्हेंबर १९९७

दादा,

हे माझं चौथं पत्र. प्रीती लिहिते की तू फाउंड्रीतून येतोस, जेवतोस आणि आण्णांच्या नजरेसमोर बसत नाहीस. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण सोबतची कॅसेट फेकू नकोस.

मी माणगावचं गाणं क्लाइड आजोबांना ऐकवलं. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही. डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "हा वरचा माणूस दर वेळी लवकर का येतो?" मी सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा लावायला लावलं. म्हणाले, "लवकर येतो, पण पहिला कधीच येत नाही. ऐक."

मी ऐकलं. दादा, तू आबांचा पहिला नियम मोडलेला नाहीस. तू सुरुवात केली नाहीस. प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द एकट्या आण्णांचा आहे. तू येतोस तो दुसऱ्या शब्दावर. आजोबांकडे दोन टेप आहेत. चार रविवार बसून मी ते अकरा शब्द वेगळे काढले, एकामागून एक जोडले. मिनिटभरसुद्धा होत नाही. भाकर. वाट. नदी. पाय. कुठं कुठं आवाज चिरलाय, एका ठिकाणी खोकला आहे. पण आण्णाच आहेत. दुसरं कुणी नाही.

आण्णांना ऐकव. तू ऐकव, प्रीतीच्या हातात देऊ नकोस.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला हेजल डिकन्स ही बाई आहे. इतके दिवस मी तुला पुरुषच ऐकवले. खाणकामगारांच्या घरातली. तिचे भाऊ खाणीत होते, त्यांच्यासाठी तिनं गाणी बांधली. आवाज घासून गुळगुळीत केलेला नाही, जसा आहे तसा लोकांसमोर ठेवते. आजोबा म्हणतात, हिच्या मागं उभं राहणाऱ्यानं आपला आवाज फार जपून वापरावा.

दीप्ती


मंगळवार पेठ
१८ जानेवारी १९९८

दिपे,

कॅसेट आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. धीर हुईना. रविवारी आण्णा उन्हाला बसला हुता, तवा मशीन त्याच्या मांडीवर ठेवलं आन बटण दाबलं. मी मागं भितीला टेकून उभा.

"भाकर" म्हटल्यावर त्याची मान वर झाली. अकरा शब्द संपले. खोकला आला तवा हसला बी. स्वतःच रिवाइंड करून परत लावलं. किती येळा, मोजलं न्हाय. वहिनी आतनं आली, पदर तोंडाला लावून उंबऱ्यात बसली.

मग माझ्याकडं वळला. पाटीवर लिवलं, "सुरुवात तर मीच केलीया की." त्याखाली अजून लिवलं, "गाढवा, जेवायला समोर बस."

आज समोर बसलो.

तुझ्या म्हाताऱ्याचं पाय धर माझ्या वतीनं. ती हेजलबाई ऐकली. पयल्यांदा वाटलं, आवाज फाटका हाय, कुणीतरी मागनं झाका हिला. मग वाटलं, न्हाय, झाकलं तर ती बाई उरंलच कशी?

पण गाणं मी सुरू केलेलं न्हाय. करायचं बी न्हाय. आण्णाशिवाय सुरुवात कोण करणार?

गणपती


नॉर्टन
३ ऑक्टोबर १९९९

दादा,

काल फोन ठेवल्यापासून काय लिहू ते सुचत नाही. आण्णा गेले आणि मी इथं. कागद अजून यायचेत. त्यांच्या उशाशी मशीन होतं, असं प्रीती म्हणाली. मला एवढंच पुरे आहे असं स्वतःला सांगतेय. पुरे होत नाही.

आज कामावर गेले नाही. खोलीत बसून अकरा शब्द ऐकले आणि आण्णांना मोठ्यानं हाका मारल्या. शेजारी काय म्हणाले असतील ते म्हणोत.

क्लाइड आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले, तेव्हा त्यांच्या कॅसेटींचं खोकं माझ्या नावानं ठेवलं होतं. वर चिठ्ठी होती. "वरचा आवाज गाणाऱ्यासाठी." ते खोकं तुझं आहे. येईन तेव्हा घेऊन येईन.

प्रीतीला जवळ घे.

दीप्ती


मंगळवार पेठ
२० एप्रिल २०००

दिपे,

जयंती झाली. पोरांनी पार्टी उभी केली हुती. म्हणले, काका, आण्णांच्या नावानं एक तरी गाणं पायजेच. मी म्हटलं, चढतो, पण सुरुवात करणार न्हाय. दस्तगीर बेंजोला बसला. पेटीवाल्यानं सूर धरला. चौक गच्च भरलेला. आन कुणी सुरूच करीना. पेटी आपली वाजतीया. मी माझ्या जागंवर उभा, पुढं माइक मोकळा. तिथं आण्णाची जागा. लोक बघायला लागले. मला घाम फुटला गं. पण तोंड उघडंना. झीलकऱ्यानं सुरुवात कशी करायची?

खाली बायकांतनं प्रीती उठली. कुणी बोलावलं न्हवतं. पायऱ्या चढली, माइकसमोर उभी ऱ्हायली आन म्हणली, "भाकर." थेट आण्णाचीच फेक. दस्तगीरचा हात बटणांवर तसाच ऱ्हायला. मग तिनं पुढची ओळ घेतली, आन मी उचललं, "उजाडलं रं, उजाडलं." तीन वर्षांनी. घसा गंजलेला, पण आला.

दोन कडवी झ्याक गेली. तिसऱ्याला तिचा दम तुटला. पोरीला सवय कुठाय? "नदी" म्हणली आन आवाज चिरला, ओळ आर्धीच ऱ्हायली. माझ्या तोंडात झील आलतीच, दिपे. पाऊल बी उचललं हुतं. आबांचा दुसरा नियम, माझ्या हाडात बसलेला.

मी पाऊल मागं घेतलं. तोंड गच्च मिटलं. उभ्या चौकानं पोरीचा फाटलेला आवाज ऐकला. कुणी हसलं न्हाय. माझ्या डोळ्यांतनं पाणी चाललं हुतं. प्रीतीनं एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं, श्वास घेतला, आन "नदी" परत पयल्यापासनं म्हणली. ओळ पुरी झाल्यावरच मी उचललं.

अकरा कडवी म्हणली पोरगीनं. चार ठिकाणी तुटली. चारी ठिकाणी मी गप.

दस्तगीरनं सगळं भरलंय, कॅसेट सोबत हाय. ह्यात प्रीती नीट ऐकू येती. माझा आवाज लांबनं, बारीक येतोय. फीत बिघडली म्हणून समजू नकोस. मी पाऊलभर मागं उभा हुतो.

गणपती